रणगाड्याचा कमांडर व्हायचंय? मग आधी बघायला शिका (आर्मा ३, अगदी नवीन लोकांसाठी)

आर्मा ३ ह्या युद्धाच्या कॉम्प्युटर गेममध्ये पहिल्यांदा रणगाड्यात बसणारा जवळपास प्रत्येकजण गनरची सीट मागतो. साहजिक आहे, तोफ त्याच्याकडं असते. मग कमांडरची सीट ज्याच्या वाट्याला येते तो पाच मिनिटांत डिस्कॉर्डवर विचारतो, "अरे मी इथं बसून नेमकं करू काय?" आमच्या ग्रुपमध्ये (दोघं राजारामपुरीत, एक कळंब्यात, एक इचलकरंजीत) हा प्रश्न इतक्यांदा आलाय की म्हटलं एकदा नीट बसून सगळं लिहूनच काढूया.

कोल्हापुरातल्या माणसाला हे काम सांगायला सोपं जातं. तालमीत कुस्ती चालू असताना वस्ताद हौद्याच्या कडेला उभे असतात बघा. आत पैलवान समोरच्याच्या अंगाला भिडलेला असतो, त्याला फक्त समोरचा खांदा आणि मान दिसते. पाय कुठं मोकळा पडलाय, समोरचा दम कधी टाकतोय, हे वस्तादांना बाहेरून दिसतं आणि ते तेवढंच ओरडून सांगतात. माझे मामा तालमीतले, ते म्हणायचे, पैलवानाचे हात आणि वस्तादाची नजर, दोन्ही असेल तरच कुस्ती निघते. गनर म्हणजे पैलवान. त्याची नजर साईटमधल्या (नेम धरायच्या दुर्बिणीतल्या) छोट्या गोलात अडकलेली असते आणि ती अडकलेलीच पाहिजे. बाकीचं सगळं जग बघायचं काम तुमचं.

आणि हे काय गेमवाल्यांनी उगीच काढलेलं नाही. १९४० ला फ्रान्सचे रणगाडे चिलखताला जाड होते, तोफा चांगल्या होत्या, पण बऱ्याच रणगाड्यांच्या टरेटमध्ये (वरच्या फिरणाऱ्या, तोफ बसवलेल्या भागात) एकच माणूस बसायचा. तोच बघणार, तोच तोफ भरणार, तोच मारणार. जर्मनांच्या पँझर ३ मध्ये टरेटात तिघं असायचे, त्यामुळं कमांडर फक्त बघायला आणि हुकूम द्यायला मोकळा. रशियाच्या टी-३४ चं पण १९४१ मध्ये हेच दुखणं होतं, टरेटात दोघंच, कमांडरलाच तोफ चालवायला लागायची. शेवटी १९४४ पासून टी-३४-८५ आला त्यात तीन माणसांचं टरेट दिलं, कमांडर मोकळा झाला. नगरला (आता अहिल्यानगर) कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, १९९४ पासूनचं, कधी गेलात तर तोफांचे फोटो काढून झाल्यावर मान वर करून टरेटच्या माथ्यावरचं ते गोल झाकण आणि त्याच्या भोवतीच्या छोट्या काचा बघा. एक माणूस चारी बाजूला बघू शकावा म्हणून तेवढी सगळी खटपट केलेली असते. मी विजयंतासमोर बराच वेळ उभा होतो, तेव्हा कुठं मला ह्या सीटचं महत्त्व कळलं.

आता कामाला लागू.

पायरी १ : बटणं आधी, लढाई नंतर

मिशनमध्ये घुसू नका. ईडन एडिटर (गेममधलंच मिशन बनवायचं साधन) उघडा, स्ट्रॅटिस हा छोटा नकाशा घ्या, एक रणगाडा ठेवा. डावीकडच्या यादीत त्या रणगाड्यातली माणसं दिसतील, त्यातल्या कमांडरवर डबल क्लिक करून त्याला प्लेअर करा. हजार-दीड हजार मीटरवर शत्रूच्या दोन-तीन रिकाम्या गाड्या ठेवा म्हणजे कोणी गोळी मारणार नाही आणि निवांत शिकता येईल.

पाठ करायची बटणं थोडीच आहेत. डावा अल्ट दाबून धरला की डोकं फिरतं, दोनदा पटपट दाबला की डोकं मोकळंच राहतं, परत दोनदा दाबेपर्यंत. माऊसचं उजवं बटण किंवा नमपॅडचा शून्य म्हणजे साईटमध्ये डोळा लावणं. नमपॅडचा अधिक-उणे म्हणजे झूम. नमपॅडचा एंटर म्हणजे बाहेरून बघणं आणि आतून बघणं ह्यात अदलाबदल. एन म्हणजे नाइट व्हिजन आणि थर्मल. सी म्हणजे धूर. एम म्हणजे नकाशा. सुरुवातीला एवढं पुरतं.

इथं लॅपटॉपवाल्यांची पंचाईत होते. आपल्यातल्या निम्म्या पोरांकडं नमपॅड नसलेला लॅपटॉप आहे, मग झूम नाही, कॅमेरा बदलत नाही, आणि त्यांना वाटतं गेमच बिघडलाय. काही बिघडलेलं नाही. ऑप्शन्समध्ये कंट्रोल्समध्ये जाऊन झूम इन, झूम आउट आणि व्ह्यू बदलायचं बटण दुसरीकडं लावा. मी माऊसच्या बाजूला अंगठ्याजवळ जी दोन बटणं असतात त्यावर झूम लावलंय आणि त्याचा इतका फायदा झाला की आता नमपॅड असलेल्या कीबोर्डवर पण तसंच ठेवतो, कारण डावा हात अल्टवरून उचलायलाच लागत नाही. जे काय लावाल ते एकदाच ठरवा आणि महिनाभर बदलू नका, बोटांना सवय लागायला वेळ लागतो.

पायरी २ : तीन दिशा वेगळ्या करा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, इथं घाई करू नका. रणगाड्यात बसलं की एकाच वेळी तीन दिशा असतात. बॉडी कुठं तोंड करून उभी आहे, टरेट म्हणजे तोफ कुठं बघतीय, आणि तुम्ही कुठं बघताय. कारमध्ये बसल्यावर आपण समोर बघतो तिकडंच गाडी जाते, डोक्यात तेच बसलेलं असतं. इथं गाडी उत्तरेला जात असते, तोफ पूर्वेला असते आणि तुम्ही मागं बघत असता. नवीन माणूस हमखास इथं हरवतो. साईटमध्ये बघत बघत "सरळ घे" म्हणतो, ड्रायव्हर बिचारा सरळ घेतो, आणि रणगाडा भलत्याच बाजूला उतारावर.

सराव असा करा. रणगाडा उभा ठेवा, बॉडी उत्तरेला. साईटमध्ये जा आणि माऊसनं पूर्वेकडं फिरवा, साईटच्या आत अंश दिसतात, ९० आलं की थांबा. आता न बघता तोंडानं म्हणा, बॉडी माझ्या डावीकडं आहे. मग साईटमधून बाहेर या, अल्ट दाबून मान फिरवा आणि बघा खरंच आहे का. मग १८० ला, मग २७० ला. पाच-सहा दिवस रोज दहा मिनिटं. हे पोरखेळ वाटतं, पण त्यानंतर तुम्हाला बॉडी कुठं आहे हे बघायलाच लागत नाही, जसं अंधारात घरातला जिना उतरताना पाय आपोआप पायरीवर पडतो तसं होतं.

अजून एक लक्षात घ्या. साधा माऊस हलवला की तुमचा साईट फिरतो. अल्ट दाबून हलवला की फक्त मान. एखादी जागा संशयास्पद वाटली तर साईट तिथंच रोखून ठेवा आणि अल्टनं आजूबाजूला नजर टाका, अल्ट सोडला की नजर परत त्या जागेवर येते. खुणेचं बोट पुस्तकात ठेवून पान उलटल्यासारखं आहे हे. मी हे शिकायला दोन महिने घेतले कारण कोणी सांगितलंच नव्हतं.

पायरी ३ : कुठून बघायचं

बाहेरून, म्हणजे रणगाड्याच्या मागून वरून दिसणारा कॅमेरा. सोपा आहे, आजूबाजूचं छान दिसतं, पण त्याच्यावर शिकू नका. बऱ्याच सर्व्हरवर तो बंदच असतो आणि ज्याला त्याची सवय लागली तो आत बसल्यावर आंधळा होतो. शिकायचं तर पहिल्या दिवसापासून आतून.

आतून, साईटशिवाय. २०१८ च्या टँक्स डीएलसीपासून (गेमच्या वाढीव भागापासून) रणगाड्यांचा आतला भाग नीट दिसतो. काचांमधून थोडंच दिसतं पण गाडी कशी हलतीय हे कळतं.

साईटमधून. लांबचं बघायला हेच. पण झूम जेवढा जास्त तेवढं आजूबाजूचं कमी दिसणार, त्यामुळं शक्य तितका झूम कमी ठेवून शोधायचं आणि काहीतरी दिसलं, हललं, रंग वेगळा वाटला, तरच झूम वाढवून खात्री करायची. खात्री झाली की लगेच कमी. नवीन माणूस उलटं करतो, पूर्ण झूम लावून डोंगर चाळत बसतो.

आणि हॅच म्हणजे माथ्यावरचं झाकण उघडून, डोकं बाहेर काढून. माऊसच्या चाकानं ॲक्शन मेन्यू येतो त्यात टर्न आउट असतं. मला स्वतःला हा प्रकार सगळ्यात जास्त आवडतो. डोकं बाहेर काढलं की चारी बाजूचं स्वच्छ दिसतं, दुर्बीण असेल तर बी दाबून लावता येते, आवाज कुठून येतोय ते पण जास्त नीट कळतं. खऱ्या लढाईत सुद्धा कमांडर लोक जीव धोक्यात घालून डोकं बाहेर ठेवायचे ते ह्याच कारणासाठी. धोका गेममध्ये पण तोच, एखादा रायफलवाला पुरे. म्हणून नियम साधा ठेवा : प्रवासात आणि गोळीबार नसताना बाहेर, गाव, झाडी किंवा पहिली गोळी आली की आत.

पायरी ४ : नजर फिरवायची पद्धत

मागच्या पावसाळ्यात आमचं एक मिशन होतं, अल्टिस ह्या मोठ्या नकाशावर. मी कमांडर. एका टेकडीच्या आडोशाला रणगाडा लावला, फक्त टरेट वर. गनरला दीड किलोमीटरवर एक गाडी दिसली, त्यानं सांगितलं, आणि मी पण माझा साईट तिकडंच वळवला. दोघं एकाच गाडीकडं बघतोय. त्यानं पहिला गोळा मारला, चुकला, दुसरा भरला. मी पूर्ण झूममध्ये, लागतोय का बघतोय. त्या वीस-पंचवीस सेकंदांत डावीकडच्या ऑलिव्हच्या झाडांतून एक माणूस रॉकेट लाँचर घेऊन चालत शंभर मीटरवर आला. पळत नाही, लपत पण नाही, चालत. नंतर समोरच्या टीममधल्या मित्रानं मला सांगितलं तेव्हा फार वाईट वाटलं, कारण गनरनं त्याचं काम बरोबर केलं होतं, ड्रायव्हरनं जागा बरोबर घेतली होती, आणि तिघं गेलो ते फक्त मी माझं काम सोडून त्याचं काम बघत बसलो म्हणून.

तेव्हापासून आमचा नियम आहे, गनर जिकडं बघतोय तिकडं कमांडरनं बघायचं नाही. गोळा लागला की नाही हे गनर सांगेल.

नजर फिरवताना जवळून लांब जायचं, लांबून जवळ नाही, कारण जवळचा आधी मारतो. पहिली पट्टी दोनशे मीटरपर्यंत, झुडपं, भिंती, घरांच्या खिडक्या. मग मधली. मग क्षितिज. आणि शक्यतो उजवीकडून डावीकडं फिरवा. आपण वाचतो डावीकडून उजवीकडं, त्यामुळं त्या दिशेनं नजर घसरत जाते, उलट दिशेनं गेलं की डोळे अडखळतात आणि नीट बघतात. माऊस सलग फिरवू नका. थोडं फिरवा, थांबा, दोन सेकंद बघा, परत थोडं. हलणारी वस्तू थांबलेल्या नजरेलाच दिसते, रंकाळ्यावर संध्याकाळी उभं राहून पाण्यात बघा, मासा उडी मारतो तो तुम्ही एका जागी बघत असाल तरच दिसतो.

दर मिनिटाला एकदा मागं. काहीही चालू असू दे, मागं बघायचंच.

पायरी ५ : थर्मल, पण तब्येतीत

एन दाबत गेलं की थर्मल येतं, परत दाबला की काळं-पांढरं उलटं होतं. नवीन माणसाला वाटतं आता सगळं दिसणार, आणि तो तेच लावून बसतो. थर्मलमध्ये फक्त तापमानातला फरक दिसतो. चालू इंजिनची गाडी झळकते, पण बराच वेळ बंद करून उभी असलेली गाडी आजूबाजूसारखीच होत जाते. मे महिन्यात दुपारी आपल्या गच्चीवर पाय ठेवून बघा, फरशी, भिंत, पत्रा सगळंच भाजतं, अशा वेळी खऱ्या थर्मलला पण गरम वस्तू वेगळी काढणं अवघड जातं. शिवाय थर्मलमध्ये जमिनीचे चढ-उतार, रस्ता, झाडीचे थर नीट कळत नाहीत, म्हणजे माणूस दिसतो पण तो टेकडीच्या अलीकडं आहे का पलीकडं हे कळत नाही. म्हणून साध्या नजरेनं एक फेरी, थर्मलनं एक फेरी, परत साधी.

पायरी ६ : दिसलेलं दुसऱ्याला दाखवणं

तुम्हाला दिसलं म्हणजे गनरला दिसलं असं नाही. "तो बघ तो बघ, झाडापाशी" ह्यानं काही होत नाही, अल्टिसवर झाडंच झाडं आहेत. घड्याळाची पद्धत बरेच जण वापरतात, दहा वाजता, दोन वाजता, पण बारा म्हणजे बॉडीचं तोंड की तोफेचं तोंड ह्यावर ऐन वेळी गोंधळ होतो. आमच्याकडं अंशच सांगतात, कारण दोघांच्याही साईटमध्ये आकडा दिसतो आणि आकड्यावर वाद होत नाही. क्रम ठरलेला : कोण, कशानं, काय, कुठं, किती लांब. "गनर, सेबट, टँक, तीनशे दहा, पांढऱ्या घराच्या डावीकडं, बाराशे." (सेबट म्हणजे चिलखत भेदणारा गोळा.) गनर टरेट वळवतो आणि "दिसला" म्हणतो, टी दाबून लेझरनं अंतर घेतो. मग तुम्ही "मार". गोळा सुटला की गनर "गेला" म्हणतो. अमेरिकन रणगाड्यांत हाच क्रम साधारण असाच चालतो, आपण फक्त आपल्या भाषेत घेतला.

गनरनं "दिसला" म्हटलं की त्या क्षणी तुमची नजर तिथून निघाली पाहिजे. ह्याला खऱ्या जगात हंटर-किलर म्हणतात, कमांडर पुढची शिकार शोधतो तोवर गनर हातातली मारतो, आणि त्यासाठीच कमांडरला स्वतःचा वेगळा फिरणारा साईट देतात. जर्मनीच्या लेपर्ड २ मध्ये तो पहिल्यापासून आहे, आपल्या अर्जुन मार्क १ए मध्ये पण कमांडरला स्वतःचा पॅनोरमिक साईट आहे, थर्मलसकट. म्हणजे डोळ्यांच्या दोन जोड्या दोन वेगळ्या दिशांना, ह्यासाठी एवढा खर्च करतात, आणि आपण दोघं मिळून एकच गाडी बघत बसतो.

पायरी ७ : ड्रायव्हरचे डोळे पण तुम्हीच

ड्रायव्हर एआय (म्हणजे कॉम्प्युटरचा) असेल तर कमांडरच्या सीटवरून डब्ल्यू, ए, एस, डी दाबून त्याला हुकूम जातो. माणूस असेल तर तोंडानं. त्याला मागचं काही दिसत नाही. हंगामात ऊस भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट रिव्हर्स घेताना बघितलाय का? मागं एक पोरगं उभं असतं, "येऊ दे, येऊ दे, डावं, डावं मार, बास!" ट्रॅक्टरवाला मागं वळून बघत पण नाही, त्या पोराच्या आवाजावर घेतो. तसंच. बोलत राहायचं, गप्प झालात की ड्रायव्हर थांबला पाहिजे, हे आधीच ठरवून ठेवा. आणि डावं-उजवं नेहमी बॉडीचं सांगायचं, तुमचं नाही. पायरी २ चा सराव इथं उपयोगी पडतो.

टेकडीवर चढताना तर हे फारच लागतं. वाघबीळाच्या चढाला वळणाच्या पलीकडं काय आहे हे दिसत नाही म्हणून आपण गाडी हळू करतो. रणगाडा माथ्याच्या खालीच सगळा लपलेला ठेवा, मग अगदी सावकाश पुढं, फक्त तुमचा साईट माथ्यावर निघेल इतकंच. टरेटवर सगळ्यात उंच तुमचा साईट असतो, तोफ त्याच्या खाली, त्यामुळं तुम्हाला पलीकडचं दिसतं आणि पलीकडच्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. "थांब." आता पूर्ण एक फेरी बघा, जवळून लांब, घाई नको, अर्धा मिनिट तर अर्धा मिनिट. गनरला आधीच अंश सांगून ठेवा, तो टरेट तिकडं वळवून तयार बसेल. मग "हळू पुढं", तोफ माथ्यावर आली की "थांब", "दिसला", "मार", आणि लगेच "मागं". परत वर यायचं ते त्याच जागी नाही, वीस-तीस मीटर बाजूला सरकून.

आणि अचानक मार आला, कुठून आला कळलं नाही, तर शोधत बसू नका. सी दाबून धूर, ड्रायव्हरला मागं, आधी आडोसा, मग शोध.

डोकं फिरवायला अल्टचा कंटाळा येत असेल तर हेड ट्रॅकिंग (आपलं डोकं वळेल तशी गेममधली नजर वळते) घेऊन बघा. आर्मा ३ मध्ये ट्रॅकआयआर हे त्यासाठीचं उपकरण चालतं, पण ते महाग पडतं. ओपनट्रॅक हे सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या वेबकॅमवर पण जमतं, खोलीत उजेड बरा पाहिजे एवढंच. पण हे महिन्याभरानं, अल्टवर हात बसल्यावर.

जोडीला मित्र असेल तर रोज पंधरा मिनिटं एक सराव करा. एडिटरमध्ये त्याला दहा गाड्या कुठंही लपवायला सांगा, काही जवळ, काही लांब, एक मुद्दाम तुमच्या पाठीमागं. तुम्ही कमांडर, तो गनर, आणि त्यानं स्वतःहून टरेट हलवायचंच नाही, फक्त तुम्ही सांगाल त्या अंशाला. दहा मिनिटांत किती सापडल्या आणि त्यातल्या किती त्याला एका सांगण्यात दिसल्या हे वहीत लिहा. आमच्या कळंब्याच्या भिडूला पहिल्या दिवशी तीन सापडल्या होत्या, आता आठच्या खाली जात नाही, आणि आता गनरची सीट दिली तरी तो घेत नाही.